काजूचा रोठा ओळखायचा आणि रोखायचा कसा : आजरा-चंदगडात नव्याने पाहणीला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात खोडकिडा म्हटलं की डोळ्यांपुढे ऊस येतो. उसाची ती कीड पतंगाची, तिला कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) चालतो. काजूचं खोड आणि मुळं पोखरणारा रोठा हा भुंगा आहे, उसाच्या सापळ्यातल्या गंधगोळीकडे (लुअर) तो फिरकत नाही. कृषी पदविका किंवा पदवी घेऊन आजरा-चंदगडच्या काजूत पहिल्यांदा उतरणाऱ्यांची इथेच गफलत होते. सापळा लावून आकडे यायची वाट बघत बसतात, आणि खोड आतून पोखरून निघतं. या किडीत सापळा म्हणजे तुमचे डोळे, तेही गुडघ्यावर बसून बघणारे.

मादी सालीच्या फटीत अंडी घालते, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर. अंडी घालण्याचा जोर जानेवारी ते मे. आठवड्याभरात अळी बाहेर पडून सालीखाली शिरते आणि सहा-सात महिने आतला भाग खात वेड्यावाकड्या वाटा काढते. झाडाचं अन्नपाणी तुटतं तेव्हा कुठे पानं पिवळी पडतात. म्हणजे शेंडा बघून केलेली पाहणी नेहमी उशिराची असते.

म्हणून आधी बुंधा मोकळा करा. गवत, पाचोळा हाताने बाजूला घ्या, खुरप्याने मुळांवरची माती हलकेच सारा. साल आणि मुळं यांच्या बेचक्यात भुसा दिसतो का बघा. चिमटीत घेऊन चोळा. रोठ्याचा भुसा चावलेल्या लाकडाच्या तंतूंचा, तांबूस, डिंकाने चिकटलेला. मातीची बोगदी दिसली आणि चोळल्यावर माती हाताला लागली तर ती वाळवी. नुसता डिंक असेल, भुसा नसेल, तर ती जखम किंवा रोगही असू शकतो. फक्त डिंकावरून झाड ‘रोठाग्रस्त’ लिहू नका. चंदगडच्या पावसात भुसा वाहून जातो, त्यामुळे जुलैतली ‘कीड नाही’ ही नोंद कामाची नाही. ऑक्टोबरात उघडीप मिळाली की पहिली फेरी, डिसेंबर ते मे दर महिन्याला एक. प्रत्येक झाडाला रंगाने नंबर घाला. कीड सापडलेल्या झाडाच्या चहूबाजूंची झाडं त्याच दिवशी तपासा.

अळी काढायला पटाशी, हातोडी आणि साबणाच्या पाण्याची बाटली पुरते. जिथे भुसा ओला आणि ताजा आहे तिथून सुरुवात करा. पोखरलेली साल ठोकली की पोकळ वाजते. तेवढीच उभी सोलत वाटेचा माग काढा. आडवी साल कापत खोडाभोवती गेलात तर अळीचं काम तुम्हीच पुरं कराल. मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी मिळेल, पूर्ण वाढलेली सात-आठ सेंटिमीटरपर्यंत. लाकडात चुन्याच्या शिंपल्यासारखा कठीण कोष मिळाला तर तोही फोडा. त्यात तयार भुंगा दडून बसलेला असू शकतो. एक अळी मिळाली म्हणून थांबू नका, एका बुंध्यात अनेक असतात.

वाट साफ झाली की ५ टक्के निंबोळी तेल ब्रशने चोळून लावा : लिटरभर पाण्यात ५० मिली तेल आणि थोडा साबण. साबण विसरलात तर तेल वर तरंगतं आणि खोडावर नुसतं पाणी जातं. डांबर आणि रॉकेल १:२ मिसळून मीटरभर उंचीपर्यंत लेप देण्याची पद्धतही आहे, पण लेप अळी काढल्यानंतरच. आत अळी ठेवून वरून डांबर फासलं तर ती निवांत खात राहते आणि भुसाही दिसायचा बंद होतो. रासायनिक औषध वापरायचं असेल तर चालू शिफारस आणि डब्यावरचं लेबल आधी वाचा. उताराच्या जमिनीत मुळं उघडी पडतात, त्यांवर माती ओढून घ्या.

झाड ठेवायचं की काढायचं हे सुतळीने मोजून ठरवा. खोडाचा घेर ८० सेंटिमीटर असेल आणि सोललेल्या पट्ट्यांची एकूण रुंदी ३० भरली, तर उपचार करा. ४० च्या वर गेली, म्हणजे निम्म्याहून जास्त घेर गेला, किंवा शेंडा पिवळा पडला, तर झाड वाचत नाही. इथेच सगळ्यात अवघड बोलणं होतं. बी धरलेलं झाड तोडा म्हटलं की मालक म्हणतो, ‘‘आवंदा बी काढून घेतो, मग बघू की ओ.’’ त्याचं म्हणणं खोटं नाही, झाडाला बी दिसत असतं. वाद घालू नका. पटाशीने साल उचलून आतली अळी त्याच्या तळहातावर ठेवा आणि शेजारचं धडधाकट झाड दाखवा.

तोडलेलं झाड बांधावर रचून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओंडक्यातली अळी मरत नाही, तिथेच कोष करते आणि भुंगा होऊन शेजारच्या झाडावर जाते. बुंधा मुळांसकट उपटा, साल सोलून काढा, मुळं आणि पोखरलेलं लाकूड तिथेच जाळा. जळणाला घरी न्यायचं असेल तर सोलल्याशिवाय बांधाबाहेर जाऊ देऊ नका.

उपचार केलेल्या झाडाकडे पंधरा दिवसांनी परत जा. बुंध्याशी पुन्हा ताजा भुसा पडलेला दिसला, तर एखादी अळी राहून गेली आहे, बहुतेक वेळा मुळात. माती सारून पुन्हा पटाशी लावा.