दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर ध्रुवाकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो.

आधी शहर नव्हे, नेमका विमानतळ ठरवा. मोठ्या शहरांना अनेक असतात. मग दोन्हींचे अक्षांश-रेखांश घ्या. उदाहरणार्थ, लंडनचं हीथ्रो: उत्तर ५१.४७, पश्चिम ०.४५. न्यूयॉर्कचं जेएफके: उत्तर ४०.६४, पश्चिम ७३.७८.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५०९५. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (७३.३३) कोसाइन यांचा गुणाकार: ०.१३५६. बेरीज ०.६४५१. तिचा इन्व्हर्स कोसाइन ४९.८३ अंश येतो. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे अंतर सुमारे ५,५४० किमी.

उत्तर भलतंच आलं तर बहुधा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर) असतो. दुसरी नेहमीची चूक मिनिटांची: ५१ अंश २८ मिनिटं म्हणजे ५१.२८ नव्हे, २८ ला ६० ने भागा, ५१.४७ येतील. दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह लावायला विसरू नका. वैमानिकांचे आकडे नॉटिकल मैलांत असतात. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी.

आता वेळ. लांब पल्ल्याच्या जेटचा वेग ताशी ९०० किमी धरला तर ६ तास १० मिनिटं होतात. चढण्या-उतरण्यातला कमी वेग आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा यांसाठी पाऊण ते एक तास वाढवा. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, फक्त हवेतला नाही.

खरा फरक वारा पाडतो. मध्य अक्षांशांवर उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी ताशी १०० किमीचा वारा समोरून आला तर हेच अंतर कापायला ६ तास ५५ मिनिटं लागतात, पाठीमागून आला तर ५ तास ३२ मिनिटं. म्हणून जाण्याचा वेळ दुप्पट करून येण्याजाण्याचा हिशोब करणं चुकीचंच. हवाई हद्द बंद असली तर अंतरही वाढतं: २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोक्यो उड्डाण सुमारे साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचणारं विमान ३ नव्हे, ८ तास घेतं, कारण घड्याळं ५ तासांनी वेगळी. मार्चमध्ये अमेरिका युरोपच्या आधी घड्याळ पुढे करते, तेव्हा काही आठवडे हा फरक ४ तासांचाच असतो. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) बदलून मगच वजाबाकी करा. मध्ये थांबा असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढा आणि थांब्याचा वेळ त्यात मिळवा.