झाडांच्या जाडीला वायबुल कसं बसवायचं

जंगलातल्या झाडांच्या जाडीचा सरळ ॲव्हरेज काढून थांबू नका, कारण बारीक झाडं ढीगभर असतात आणि जाडजूड मोजकीच, त्यामुळे ॲव्हरेज काहीच सांगत नाही.

आधी जमिनीपासून 1.37 मीटरवर टेपने घेर मोजा, त्याला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. मग हिस्टोग्राम (जाडीच्या प्रत्येक गटात किती झाडं, याचे उभे खांब) काढून बघाच, थेट मॉडेलवर उडी नको. वायबुल, म्हणजे कोणत्या जाडीची झाडं किती प्रमाणात आहेत हे दाखवणारा गणिती वक्र, इथे छान चालतं, 1973 मध्ये बेली आणि डेल या संशोधकांनी ते झाडांच्या व्यासासाठी वापरून दाखवलं. त्याचा शेप (वक्राचा आकार ठरवणारा आकडा) 1 किंवा कमी आला तर लहान झाडं सगळ्यात जास्त, 3.6 च्या आसपास आला तर आकार जवळपास घंटेसारखा, म्हणजे बहुतेक एकाच वेळी लावलेलं सागवान वगैरे.

आता खरी गोम. तुम्ही 10 सेंमीच्या खालची झाडं मोजलीच नसतील तर साधं वायबुल फिट करू नका, शेप हमखास चुकतो. ट्रंकेटेड (खालून कापलेलं) वायबुल घ्या, म्हणजे प्रत्येक झाडाच्या डेन्सिटीला (त्या व्यासाला वक्राची उंची) 10 सेंमीच्या वर असण्याच्या प्रोबॅबिलिटीने भागायचं आणि मग मॅक्सिमम लाइकलिहूड, म्हणजे मोजलेला डेटा सगळ्यात जास्त शक्य ठरवणारे आकडे शोधायचे, हे आर या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिम या फंक्शनने होतं. फिट तपासायला क्यू-क्यू प्लॉट (मोजलेले व्यास आणि मॉडेलने दिलेले व्यास क्रमाने समोरासमोर मांडलेला आलेख) बघा, जाड झाडांच्या टोकाकडे खास लक्ष द्या, बायोमास (झाडांचं एकूण वजन) तिथेच साठलेला असतो.