नव्या लेआउटमध्ये प्लॉट निवडताना इंटरनेट आणि वायफायची पाहणी कशी करावी

पुण्याभोवती तळेगाव, मुळशी, भोर, सासवड या पट्ट्यांत एनए म्हणजे बिगरशेती प्लॉटचे लेआउट सतत पडत आहेत, आणि तेथे जागा पाहायला जाणारे कुटुंब सातबारा, पाणी, वीज आणि पोहोचरस्ता यांची चौकशी नेमाने करते. इंटरनेटची चौकशी मात्र बहुधा घर बांधून झाल्यावरच होते. तोवर अंतर्गत रस्ते डांबरून झालेले असतात, स्लॅब पडलेला असतो, आणि जे काम आधी काही हजार रुपयांत झाले असते त्यासाठी रस्ता किंवा भिंत फोडावी लागते. घरून नोकरी करणारे आणि ऑनलाइन शिकणारे घरात असतील, तर ही चौकशी टोकन देण्यापूर्वीच व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वप्रथम तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात: लेआउटच्या प्रवेशद्वारापर्यंत येणारी लाइन, प्रवेशद्वारापासून आपल्या प्लॉटच्या हद्दीपर्यंतचा मार्ग, आणि घरात पसरणारे वायफाय. पहिल्या दोन गोष्टी प्लॉटच्या निवडीशी बांधलेल्या आहेत आणि त्या नंतर बदलता येत नाहीत. तिसरी संपूर्णपणे आपल्या हाती असते. माहितीपत्रकात छापलेल्या ‘वायफाय सुविधा’ या शब्दांचा अर्थ बहुतेक ठिकाणी क्लबहाउस आणि बाग यांच्यापुरताच असतो. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने, म्हणजे एक चतुर्थांशावर, उतरतो. शिवाय हा संवाद दुहेरी असतो, आणि फोनची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा कमी असल्यामुळे शंभर-दीडशे मीटरवरील प्लॉटवर फोनमध्ये एखादी काडी दिसली तरी फोनकडून जाणारा संदेश राउटरपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून क्लबहाउसच्या जवळचा प्लॉट वायफायसाठी घेण्यात काहीच अर्थ नाही.

प्रवेशद्वारापर्यंत काय आले आहे

हा प्रश्न साइट ऑफिसमधील विक्री प्रतिनिधीला विचारून भागत नाही. जवळच्या गावातील केबलवाला, लेआउटच्या शेजारी आधीपासून राहणारी दोन-तीन घरे आणि सेवा कंपनीचे स्थानिक कार्यालय या तिघांकडे चौकशी करावी. गट नंबर आणि लोकेशन देऊन ‘येथे फायबर जोडणी आज मिळेल का, आणि मिळत नसल्यास सर्वांत जवळचा स्प्लिटर बॉक्स (जेथे एक तंतू अनेक घरांत वाटला जातो ती पेटी) कोठे आहे’ असा नेमका प्रश्न टाकला, तर उत्तरही नेमके येते. फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि तो सुमारे २० किलोमीटरपर्यंत चालतो. त्यामुळे शहरापासूनचे अंतर ही खरी अडचण नसते. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर कोणी टाकला आहे का, एवढ्यावर सारे अवलंबून असते. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आले असेल, तर ते कार्यालय लेआउटपासून किती दूर आहे आणि तेथून घरगुती जोडण्या दिल्या जातात का, हेही विचारावे.

लाइन खांबांवरून लोंबत आली आहे की जमिनीखालून, हे डोळ्यांनी पाहावे. मावळ-मुळशीच्या पावसात झाडांच्या फांद्या पडून वरची तार तुटणे नित्याचे आहे, आणि लेआउट एकाकी असला तर दुरुस्तीला माणूस यायला वेळ लागतो. शक्य असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये एक फेरी मारून तेथील रहिवाशांना ‘पावसात किती वेळ बंद असते’ असे विचारावे.

चेंबर उघडून पाहावा

लेआउटमधील रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर काँक्रीटची झाकणे दिसतात. ती सगळी सांडपाण्याची नसतात. इंटरनेटसाठीचे चेंबर कोणते ते साइट इंजिनिअरकडून समजून घ्यावे आणि निदान दोन ठिकाणची झाकणे उचलायला लावावीत. चांगल्या कामात आत एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपांची दोन-तीन तोंडे दिसतात, प्रत्येक तोंडाला बूच बसवलेले असते आणि पाइपातून नायलॉनची दोरी आरपार गेलेली असते. ही दोरी एका चेंबरमधून ओढली की पुढच्या चेंबरमध्ये तिचे टोक हलले पाहिजे. टोक हलले नाही, तर पाइप मध्ये दबलेला, गाळाने बुजलेला किंवा जोडलेलाच नाही, असे समजावे. पाणी साचल्याने फायबरच्या तारेचे लगेच काही बिघडत नाही, परंतु गाळ भरलेल्या पाइपातून नवी तार ओढता येत नाही, आणि मग रस्ता खोदण्याची परवानगी, खर्च आणि शेजाऱ्यांची नाराजी असे सगळे एकदम मागे लागते.

येथे एका गोष्टीवर भर द्यावासा वाटतो. एकच पाइप असेल आणि तो एका कंपनीच्या तारेने भरला असेल, तर दुसऱ्या कंपनीला वाट उरत नाही. काही विकसक एकाच कंपनीशी करार करतात आणि रहिवासी वर्षानुवर्षे तिच्या दरांना आणि सेवेला बांधले जातात. इमारतींमध्ये असे एकाधिकाराचे करार होऊ नयेत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०१७ मध्येच केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने वास्तूंना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे विनियमही काढले. हे मूल्यांकन ऐच्छिक आहे, तरी ‘आपण ते करून घेणार आहात का’ असा प्रश्न विकसकाला विचारल्यास त्याने या बाबीचा विचार केला आहे की नाही, हे तत्काळ कळते.

प्लॉटवर उभे राहून मोजणी

फायबर येईपर्यंत, आणि आल्यावरही ते तुटले असताना, मोबाइल नेटवर्कच आधाराला असते. ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर व्याप्तीचे नकाशे दिलेले आहेत, आणि दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर जवळचे टॉवर पाहता येतात. घरून निघण्यापूर्वी हे दोन्ही पाहावे. मात्र निर्णय प्रत्यक्ष मोजणीवर घ्यावा, कारण सह्याद्रीच्या कुशीतील जमिनीवर एक टेकाड आडवे आले की नकाशा आणि प्रत्यक्ष स्थिती यांत बरेच अंतर पडते.

मोजताना फोनवरील काड्यांवर विसंबू नये. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा आकडा डीबीएम या शक्तीच्या एककात मिळतो. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीसाठी उणे ८५ किंवा त्याहून चांगला आकडा समाधानकारक मानावा, उणे १०० च्या आसपास काम रडतखडत चालते, आणि उणे ११० च्या पलीकडे घरात काही मिळण्याची आशा धरू नये. मोकळ्या प्लॉटवर मिळालेल्या आकड्यातून भिंती, स्लॅब आणि पुढे उभी राहणारी शेजारची घरे सहज १० ते २० डेसिबल खातात. तेवढी वजावट आजच करून ठेवावी. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर, किमान दोन कंपन्यांच्या सिमवर आणि शक्यतो संध्याकाळी आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत मोजावे. दुपारी बारा वाजता रिकाम्या लेआउटमध्ये मिळालेला वेग फसवा असतो. वेगाची चाचणी घेताना डाउनलोडइतकेच अपलोडकडेही पाहावे, कारण व्हिडिओ कॉल तेथेच अडतो.

फाइव्ह-जीच्या बाबतीत लहरींच्या वारंवारितेच्या पट्ट्याचा फरक मोठा आहे. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वेग भरपूर मिळतो, पण त्या लहरी भिंतीतून आणि झाडांतून लवकर क्षीण होतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि घरात आतपर्यंत येतात, मात्र त्यांवर वेग कमी असतो. २०२३ पासून एअरफायबर नावाने मिळणाऱ्या जोडण्यांत गच्चीवर यंत्र बसवून ते टॉवरकडे रोखले जाते. अशी जोडणी मनात असेल, तर आपल्या होणाऱ्या गच्चीच्या उंचीवरून टॉवर दिसेल का आणि मधल्या रिकाम्या प्लॉटवर उद्या दुमजली बंगला आला तर काय, याचा अंदाज घ्यावा.

मग प्लॉट कोणता

डक्ट, म्हणजे तारांसाठीचे जमिनीखालचे पाइप, गेलेल्या मुख्य अंतर्गत रस्त्याला लागून असलेला आणि समोरच किंवा शेजारी चेंबर असलेला प्लॉट मी सर्वांत वर ठेवीन. कॉर्नर प्लॉटला दोन रस्ते लाभत असल्याने एका बाजूने अडचण आली तरी दुसरी वाट राहते. बंद गल्लीच्या टोकाचे प्लॉट शांत म्हणून आवडतात, परंतु डक्टचे काम बऱ्याचदा त्या गल्लीच्या तोंडाशीच थांबलेले असते; शेवटपर्यंत दोरी हलते का, हे पाहिल्याशिवाय असा प्लॉट घेऊ नये. दुसऱ्या टप्प्यातील प्लॉटबाबत ‘डक्ट नंतर येईल’ या आश्वासनाला लेखी तारखेशिवाय किंमत नाही. ओढ्याकाठच्या खोलगट जागेत आणि डोंगराला पाठ लावून असलेल्या प्लॉटवर मोबाइलचा सिग्नल सावलीत जातो. डोंगराच्या दृश्यासाठी विकसक अशाच प्लॉटला वाढीव दर लावतो, म्हणून तेथे फायबरची खात्री असल्याखेरीज तो दर मान्य करू नये. फायबर असेल तर डोंगराची अडचण राहत नाही.

टॉवरच्या अगदी पायथ्याशी प्लॉट घेण्याचीही गरज नाही. टॉवरवरील अँटेना दूरवर प्रक्षेपण करतील अशा रोखलेल्या असतात आणि थेट खाली सिग्नल काही वेळा अपेक्षेपेक्षा कमी भरतो.

अंतर्गत रस्ते मंजूर आराखड्यात दाखवलेले आहेत का, ही चौकशी इंटरनेटसाठीही महत्त्वाची आहे. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीत रस्ता एखाद्या जुन्या मालकाच्या नावावर राहिलेला असतो, आणि त्याने हरकत घेतली की तार टाकण्याचे काम तेथेच अडते.

करारनाम्यात काय लिहून घ्यावे

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील प्लॉटिंग प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि मंजूर आराखडा व सुविधांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. माहितीपत्रकात आहे पण तेथील यादीत नाही, अशी सुविधा लगेच हेरावी. रेरा कायदा २०१६ च्या कलम १३ नुसार विक्रीचा नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकसक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. करारापूर्वीचा हा काळ वाटाघाटीसाठी वापरावा. कलम १२ खाली खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झाल्यास भरपाई मागता येते, म्हणून माहितीपत्रक आणि व्हॉट्सॅपवरील संदेश जपून ठेवावेत. करारात ‘हाय-स्पीड इंटरनेट’ असे मोघम शब्द नकोत. प्लॉटच्या हद्दीपर्यंत किती व्यासाचे किती पाइप येतील, चेंबर कोठे असेल, किमान दोन कंपन्यांना प्रवेश राहील, आणि देखभाल सोसायटी स्थापन होईपर्यंत कोणाकडे असेल, इतके लिहिलेले असावे.

घर बांधताना

हद्दीपर्यंत आलेला पाइप घरात कोठे शिरणार, हे पाया खणतानाच ठरवावे. फायबरची तार घरात जेथे संपते ते ओएनटी यंत्र विजेच्या वितरण पेटीशेजारी किंवा माळ्यावर बसवण्याची पद्धत आहे, पण तेथे राउटरही ठेवला तर अर्धे घर कोरडे राहते. ओएनटी कोठेही असो, तेथून प्रत्येक मजल्याच्या मध्यभागी छतापर्यंत २५ मिलिमीटरचा कंड्युट (तारांची नळी) टाकून त्यातून कॅट-६ केबल न्यावी आणि तेथे अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे यंत्र, लावावा. केबलची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी, आणि ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे तपासून घ्यावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल बाजारात स्वस्त मिळते, ती भिंतीत पुरू नये. एकमेकांना तारेने न जोडता वायफायनेच सिग्नल पुढे देणारी मेश यंत्रे भाड्याच्या घरात ठीक आहेत. नवे घर बांधताना मात्र तार घालण्याची संधी सोडू नये.

अडथळ्यांचा विचार बांधकामाच्या साहित्यावरून करावा. नऊ इंची विटेची भिंत आणि कोकणातील जाड चिऱ्याची भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना बरीच रोखते, तर सगळ्या भिंती सळई आणि काँक्रीटच्या असलेल्या मायव्हान पद्धतीच्या घरात खोलीगणिक अॅक्सेस पॉइंट लागण्याची तयारी ठेवावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, पण त्यांत एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल मिळतात. शेजारी घरे वाढली की हे तीन वाटून घ्यावे लागतात. घरातील कामाच्या जागी वायफायचा सिग्नल उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला मिळाला, तर व्हिडिओ कॉल निर्वेध चालतो.

मोठ्या प्लॉटवर फाटकापाशी कॅमेरा आणि बेल बसवायची असेल, तर घरापासून फाटकापर्यंत स्वतंत्र पाइप जमिनीखाली घालावा. उघड्यावरील लांब अंतरासाठी त्यात तांब्याऐवजी फायबर घातल्यास विजेच्या कडकडाटात आलेला दाब घरातील यंत्रांपर्यंत येत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या भागात ओएनटी आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, आणि त्यासाठीचा प्लग पॉइंट इलेक्ट्रिशियनच्या यादीत आधीच घालावा. प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवरील कंड्युटचे मोजपट्टी धरून फोटो काढावेत आणि प्रत्येक पाइपात ओढदोरी सोडून दोन्ही तोंडांना बूच लावल्याशिवाय गवंड्याला पुढचे काम सुरू करू देऊ नये.