समुपदेशकाने समाजमाध्यमांवरून अशील कसे मिळवावेत

समुपदेशकाचे पान वाचणारी गरजू व्यक्ती पोस्टला लाइक किंवा टिप्पणी न करता कित्येक आठवडे नुसती वाचत असते. कारण तेथे आपले नाव दिसले तर नातेवाईक काय म्हणतील, ही धास्ती तिला असते. त्यामुळे लाइकच्या आकड्यावरून यश मोजू नये. नव्या व्यक्तीला पहिल्याच फोनवर ‘माझ्याविषयी कुठे कळले?’ असे विचारून त्याची नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

अशा वाचकाला नैराश्याची लक्षणे सांगणाऱ्या रंगीत चित्रांपेक्षा व्यवहाराची माहिती हवी असते. पहिल्या भेटीत काय विचारतात, सत्र किती मिनिटांचे, फी किती, मराठीतून बोलता येईल का, घरच्यांना कळवले जाते का, या प्रश्नांची उत्तरे स्वतंत्र पोस्टमध्ये लिहून त्यांतील महत्त्वाच्या पोस्ट इन्स्टाग्रामवर पिन कराव्यात. फी जाहीर करण्यास अनेकजण संकोचतात. माझ्या मते त्या संकोचाने दोघांचाही वेळ वाया जातो. विषयही नेमके निवडावेत. ‘ताणतणाव’ या मोघम शीर्षकापेक्षा बारावीच्या निकालानंतर मुलाने घरात बोलणे बंद केले तर पालकांनी काय करावे, हे अधिक वाचले जाईल. ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर मनाच्या आरोग्याविषयी सविस्तर मराठी संवाद आहेत; नवख्याने ते भाषेसाठी तरी पाहावेत.

प्रोफाइलमध्ये शिक्षण आणि नोंदणी खरीखुरी लिहावी. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी नसताना ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेऊ नये. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांवर तर २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास बंदी आहे.

सर्वाधिक जपायची ती गोपनीयता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने ती उपचार घेणाऱ्याचा हक्क ठरवली आहे. नाव बदलून लिहिलेली ‘यशोगाथा’सुद्धा लहान शहरात व्यवसाय, वय आणि गल्ली यांवरून ओळखली जाते, म्हणून ती लिहूच नये. अशिलांकडे अभिप्राय मागू नयेत. नकार देणे त्यांना अवघड जाते. कोणी आपणहून गूगलवर अभिप्राय लिहिलाच, तर ‘आपण आलात, आनंद वाटला’ एवढ्या उत्तरानेही ती व्यक्ती आपली अशील होती, हे जगजाहीर होते.

मध्यरात्री येणाऱ्या संदेशांसाठी व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारे उत्तर ठेवावे: उत्तर कोणत्या वेळेत मिळेल, आणि तातडी असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक. संदेशांतून समुपदेशन मात्र सुरू करू नये. भेटीची वेळ द्यावी.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल, तर ‘तुम्हाला नैराश्य आले आहे का?’ असे लिहू नये. वाचकाच्या मानसिक स्थितीविषयी असे सुचवणे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या जाहिरात-नियमांत बसत नाही. त्याऐवजी आपण कोणती सेवा, कोठे आणि कोणत्या वेळेत देतो ते लिहावे, आणि जाहिरात लोक प्रत्यक्ष येऊ शकतील एवढ्याच परिसरापुरती ठेवावी.