लिब्रेऑफिसकडे वळताय? जुनं ऑफिस लगेच काढू नका

लिब्रेऑफिस म्हणजे लेखन, तक्ते आणि सादरीकरणासाठीचं मोफत सॉफ्टवेअर. ते घ्यायचं ठरलं की पुष्कळ जण उत्साहाच्या भरात आधीचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून टाकतात. मग चौथ्या दिवशी एखादी फाइल नीट उघडत नाही आणि मंडळी वैतागून परत मूळपदावर येतात. खरं तर दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात. महिनाभर नांदू द्या.

आधी उतरवून घ्या. लिब्रेऑफिस डॉट ओआरजी या अधिकृत संकेतस्थळावर विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठीच्या आवृत्त्या आहेत. लिनक्सवर तर ते बहुधा आधीच असतं. देणगीचं आवाहन दिसेल. द्यायची की नाही, तुमची मर्जी. विंडोजवर इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडलंत तर मेनूसाठी मराठी भाषाही घेता येते.

नावात गोंधळ करू नका. ओपनऑफिस नावाचं भावंडही अजून मिळतं. दोघांचं मूळ एकच, जर्मनीतलं स्टारऑफिस. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांना खुला केला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी काही विकासकांनी वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केलं आणि लिब्रेऑफिस जन्माला आलं. आज सुधारणा झपाट्याने होतात त्या लिब्रेऑफिसमध्ये. ओपनऑफिसला डॉकएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डची फाइल उघडता येते, पण त्या स्वरूपात सेव्ह करता येत नाही. तेव्हा लिब्रेऑफिसच घ्या.

मग चेहरा बदला. पहिल्यांदा उघडलं की जुन्या धाटणीचे मेनू दिसतात. रिबनची, म्हणजे वरच्या टॅबमधल्या बटणांच्या पट्टीची सवय असेल तर 'व्ह्यू'मध्ये 'यूजर इंटरफेस'वर जाऊन 'टॅब्ड' निवडा. मला मेनूच बरे वाटतात, पण हा सवयीचा भाग.

मराठीची सोय आत्ताच करा. हे राहिलं की पुढे चिडचिड होते. 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि तिथून भाषांचा विभाग उघडा. 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून त्याची भाषा मराठी ठेवा. लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरी मजकुराचा फॉन्ट व आकार वेगवेगळा लक्षात ठेवतं. स्टाइलमध्ये फक्त रोमनचा आकार १४ केलात तर मराठी अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. दोन्ही रकाने भरा. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी फाइल मात्र तो फॉन्ट संगणकात नसेल तर कुठल्याही ऑफिसात अगम्यच दिसणार.

आता फाइलचं स्वरूप. खरी मेख इथे आहे. लिब्रेऑफिसचं स्वतःचं स्वरूप ओडीएफ; ते २००६ पासून आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक आहे. लेखनाची फाइल ओडीटी, तक्त्याची ओडीएस, सादरीकरणाची ओडीपी. माझा नियम सोपा आहे: स्वतःचं काम ओडीटीमध्ये, फक्त वाचायला पाठवायचं ते पीडीएफमध्ये, आणि समोरच्याने त्यात बदल करायचे असतील तरच 'सेव्ह अॅज' करून डॉकएक्स. एकच फाइल या स्वरूपातून त्या स्वरूपात दहा वेळा फिरवली की समास आणि तक्ते सरकायला लागतात. हे मी स्वतःच्या बायोडेटावर अनुभवलंय.

मजकूर सरकण्यामागे बऱ्याचदा फॉन्टही असतो. कॅलिब्री संगणकात नसेल तर लिब्रेऑफिस त्याच मापाचा कार्लिटो वापरतं, टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ. अक्षरांची रुंदी सारखी असल्याने ओळी सहसा जागच्या जागी राहतात. भलताच फॉन्ट असेल तर ही सोय नाही.

पीडीएफ करताना 'हायब्रिड पीडीएफ' हा पर्याय जरूर बघा. त्यात पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटी दडलेली असते. इतरांना ती साधी पीडीएफ दिसते, लिब्रेऑफिसमध्ये मात्र तीच संपादित करता येते. इतकी कामाची गोष्ट फारशी कोणी वापरत नाही.

रायटर या लेखनाच्या भागात स्टाइल, म्हणजे मजकुराचे ठरवून ठेवलेले साचे, वापरा. एफ११ दाबा, स्टाइलची यादी उघडेल. मथळे हाताने ठळक करत बसण्यापेक्षा 'हेडिंग १', 'हेडिंग २' लावा. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

कॅल्क हा तक्त्यांचा भाग. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. नेहमीची सूत्रं तीच चालतात. मात्र एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, सगळेच चालतील असं नाही, महत्त्वाची फाइल आधी प्रत काढून तपासा. इम्प्रेस सादरीकरणासाठी, ड्रॉ आकृत्यांसाठी, मॅथ समीकरणांसाठी. बेस हा डेटाबेसचा भाग. त्याच्या वाट्याला बहुतेक जण जात नाहीत, गेलात तर 'जावा' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागू शकतं.

कधी प्रोग्राम अडखळायला लागला तर 'हेल्प' मेनूमधून 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. बिघडलेली सेटिंग्ज तिथून पूर्ववत करता येतात, फाइलींना धक्का न लावता.

महिनाअखेरीला आठवून बघा, जुनं ऑफिस किती वेळा उघडलंत आणि कशासाठी. मॅक्रोवाल्या एकाच तक्त्यासाठी उघडलं असेल, तर तेवढा तक्ता नव्याने बांधायचा की जुनं ऑफिस ठेवायचं, एवढंच ठरवायचं उरतं.