इंग्रजी लिहिताना स्वल्पविराम नेमका कुठे द्यायचा

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिताना हात सगळ्यात जास्त घसरतो तो स्वल्पविरामावर. 'वाचताना थांबाल तिथे स्वल्पविराम' हा नियम आधी डोक्यातून काढा. इंग्रजीत हे चिन्ह वाक्याची रचना बघून पडतं, श्वास बघून नाही.

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. 'इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम' हे चूक. मध्ये पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविराम ठेवून पुढे 'सो' घाला. हे जोडकाम फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो ही 7 अव्ययं करतात. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' त्यांत नाहीत, आणि गफलत होते ती इथेच. दोन वाक्यांमध्ये ते आले तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम, नंतर स्वल्पविराम: 'इट वॉज रेनिंग; हाउएव्हर, वी वेंट आउट.' शंका आली की चिन्हावर बोट ठेवून दोन्हीकडचे भाग वेगवेगळे वाचा. दोन्ही आपापल्या बळावर उभे राहत असतील आणि मध्ये त्या 7 पैकी कुणी नसेल, तर एकटा स्वल्पविराम पुरणार नाही.

'तो म्हणाला की,' लिहायच्या सवयीमुळे 'ही सेड दॅट, ही वॉज टायर्ड' असं उतरतं. या 'दॅट'नंतर काहीही नको. कर्ता कितीही लांबला तरी तो आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम नको. मध्ये जादा माहिती आली तर मात्र दोन्ही बाजूंना हवा: 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज अब्रॉड, कॉल्ड.' इथे भाऊ एकच. दोन्ही स्वल्पविराम काढा, की अर्थ होतो अनेक भावांपैकी परदेशात राहणारा. एकच काढलात तर वाक्यच लंगडं.

अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं त्यामानाने सोपं आहे. आय-टी-एस लिहिताना तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. जमलं तर एसआधी चिन्ह द्या; मालकी दाखवायची असेल तर देऊ नका. नुसत्या अनेकवचनाला ते लागत नाही. एका विद्यार्थ्याची वही असेल तर चिन्ह एसच्या आधी, अनेकांची असेल तर एसनंतर.

प्रश्न आडून सांगितला असेल, जसं 'ही आस्क्ड व्हेअर आय लिव्ह्ड', तर शेवटी प्रश्नचिन्ह नव्हे, पूर्णविराम. आणि टाइप करताना स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाआधी जागा सोडायची नाही. सोडायची ती नंतर, एकच.