समानार्थी शब्द पाठ करू नका, वाक्यात बसवून बघा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण यादी घेऊन बसतात. शब्द, समोर चार समानार्थी, दोन विरुद्धार्थी. यादी पाठ होते, पण लिहिताना नेमका भलताच शब्द उतरतो.

'थिन' घ्या. यादीत त्याच्या शेजारी 'स्लिम' आणि 'स्किनी' दिसतात. थिन म्हणजे नुसतं बारीक. स्लिम म्हणजे सडपातळ, यात कौतुक आहे. स्किनी म्हणजे हडकुळा; तोंडावर म्हटलंत तर समोरचा दुखावेल. शिवाय सूप थिन असतं, म्हणजे पातळ. तिथे स्लिम बसत नाही. आता विरुद्धार्थी बघा: थिन माणसाच्या उलट फॅट, थिन सुपाच्या उलट थिक. विरुद्धार्थी शब्दाचा नसतो, अर्थाचा असतो. 'ओल्ड'चंही तेच. जुना असेल तर उलट न्यू, म्हातारा असेल तर यंग. मराठी प्रतिशब्द बदलला की विरुद्धार्थीही तपासायचा, ही सोपी खूण.

वहीत एका पानावर एकच शब्द घ्या. खाली दोनच समानार्थी, प्रत्येकापुढे अर्ध्या ओळीत फरक. मग अर्थानुसार विरुद्धार्थी. शेवटी दोन वाक्यं: एक शब्दकोशातलं जसंच्या तसं, एक स्वतःचं. 'ही इज स्किनी' हे वाक्य फुकट गेलं, कारण तिथे स्किनीच्या जागी टॉल किंवा रिचही चालेल. 'ही वॉज सो स्किनी दॅट हिज बेल्ट नीडेड टू एक्स्ट्रा होल्स' यात पट्ट्याची जादा भोकंच अर्थ सांगतात.

त्याच पानावर शब्दाचे सोबतीही टिपा. चहा स्ट्राँग असतो, पॉवरफुल नाही. पाऊस हेवी असतो. चूक 'मेक' करतात, 'डू' नाही. याला नियम नाही, जोडीनेच लक्षात ठेवायचं.

इंग्रजीत एका अर्थाचे इतके शब्द आले कुठून? 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. म्हणून बिगिन आणि कमेन्स, बाय आणि पर्चेस अशा जोड्या दिसतात. पहिला घरगुती, दुसरा कागदोपत्री. आपल्याकडे पाणी आणि जल, तसंच. मित्राला मेसेजमध्ये 'कमेन्स' लिहिणं म्हणजे 'मला जल दे' म्हणणं.

दिवसाला तीन पानं पुरेत. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि साधारण तिसाव्या दिवशी उजळणी करा. पान नुसतं वाचू नका, वाक्यातला शब्द बोटाने झाका आणि आठवा. तीनदा अडलात तर वाक्य कच्चं आहे, नवं लिहा.

उपसर्ग लावून विरुद्धार्थी झटपट मिळतात: प आणि म पुढे 'इम', ल पुढे 'इल', र पुढे 'इर'. इम्पॉसिबल, इम्मॅच्युअर, इल्लीगल, इर्रेग्युलर. अपवाद आहेतच, अनप्लेझंट आणि अनरिलाएबल 'अन'वरच चालतात. खरा सापळा 'इन'चा. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, अनमोल. आणि डब्यावर 'इन्फ्लेमेबल' लिहिलं असेल तर तो आगीपासून लांब ठेवा: 'फ्लेमेबल'चाही अर्थ तोच, चटकन पेट घेणारं.